हरकाऱ्याचे सात नग

मनुष्यजातीची सगळी प्रगती पळणाऱ्या माणसाच्या पायांवर उभी आहे, असं आमच्या गावच्या टपालाचे मुन्शी नबीलाल नेहमी म्हणत. राज्यं आली आणि गेली, फर्मानं निघाली आणि फिरली, पण ती गावोगाव पोचवली कुणी, तर पळणाऱ्यानं. हे ते खुर्चीत बसून बोलत. खुर्चीतून उठायचं झालं तर त्यांना एक हात टेबलाला आणि दुसरा कोंडीरामाच्या खांद्याला लागे, आणि कोंडीराम जळकोटला गेलेला असला तर तो परत येईपर्यंत ते बसूनच राहत.

कोंडीराम म्हणजे आमच्या गावचा हरकारा. पहाटे टपालाची थैली घेऊन चार कोस पळत जळकोटला जायचं, तिथं सडकेवर टपालाची मोटर येई तिला ती द्यायची, तिच्याकडची थैली घ्यायची आणि चार कोस पळत परत यायचं. थैलीत बहुधा तीन कार्डं असत. एखाद्या दिवशी एकही नसे. तरी थैली न्यावीच लागे, कारण आज टपाल नाही असं कळवणारा कागद रोज जळकोटला पोचला पाहिजे, असा नियम होता.

साल फसली तेराशे त्रेपन्न. इंग्रजी मोजणारे त्याला चव्वेचाळीस म्हणत. लढाई चालू होती, रॉकेल चिठ्ठीवर मिळत होतं, आणि निजाम सरकारच्या राज्यात आमच्याकडं जे काही यायचं ते हैदराबादेहून निघायचं आणि वाटेत म्हातारं होऊन पोचायचं.

कोंडीराम अकरा वर्षं हरकारा होता, पण बदली. आधीचे हरकारे दादामियाँ गुडघे धरून घरी बसले, तेव्हा कायम माणूस नेमेपर्यंत म्हणून याला लावलं, आणि कायम माणूस नेमायचं राहून गेलं. अकरा वर्षं कुणाला त्याचं काही वाटलं नाही. कोंडीरामालाही नाही, कारण पळताना कायम आणि बदली यांत पायाला फरक लागत नाही. पण त्या साली बातमी आली की जळकोटहून आमच्या गावापर्यंत टपालाची मोटरच आणायची ठरली आहे. मोटर आली की हरकारा बंद. हरकारा कायम असेल तर सरकार त्याला दुसरीकडं शिपाई म्हणून लावणार. बदली असेल तर घरी पाठवणार. घरी कोंडीरामाची बायको द्वारकाबाई होती, तिची आंधळी आई होती आणि एक शेळी होती. जमीन तेवढी नव्हती.

मुन्शींनी अर्ज लिहिला. सहा महिन्यांनी उत्तर आलं, की मुहतमिमसाहेब स्वतः येऊन मुआयना, म्हणजे तपासणी, करतील, आणि फेहरिस्तीतले सातही नग हरकाऱ्याजवळ दुरुस्त निघाले तर त्याला कायम करण्याची शिफारस करतील. मुहतमिम म्हणजे टपालखात्याचे आमच्या बाजूचे मोठे साहेब. फेहरिस्त म्हणजे लांब पल्ल्याच्या पळणाऱ्या माणसाला अंगावर काय काय लागतं याची यादी. ती अशा कुणीतरी केली होती, जो आयुष्यात कधी पळाला नव्हता, पण ज्यानं पळणाऱ्यांची काळजी फार केली होती.

पितळी चपरास, म्हणजे नंबराचा बिल्ला, लावलेला रुंद पट्टा. लाल बनातीचा जाड लोकरी कोट, बारमाही. सात हाती साफा. हिंस्र श्वापदांसाठी घुंगरू बांधलेला भाला. कंदील. पाण्यानं भरलेली छागळ. आणि बूट, एक जोड. आमच्या वाटेवरचं सर्वांत हिंस्र श्वापद म्हणजे विहिरीवरच्या ईरण्णाचं कुत्रं, आणि ते कोंडीरामाला ओळखत होतं. बूट सोडून बाकीचे सहा नग एकदा वाण्याच्या तराजूत घातले तेव्हा ते साडेअकरा शेर भरले. तीन कार्डं तोलायची म्हटली, तर तेवढं लहान माप वाण्याकडं नव्हतं.

पहिल्या दिवशी, अकरा वर्षांपूर्वी, कोंडीराम हे सहाही नग अंगावर घालून पळाला होता. ऐन उन्हाळा होता. जळकोटला पोचला तेव्हा मोटर जाऊन सडकेवरची धूळसुद्धा खाली बसली होती. संध्याकाळी तो दादामियाँच्या दारात येऊन आडवा झाला. दादामियाँचं खोपट गावाबाहेर, वाटेच्या पहिल्या वळणापलीकडं. म्हाताऱ्यानं त्याच्या अंगावरचा एकेक नग सोडवला आणि कपडे वाळत घालावेत तसा खुंटीला टांगला.

"बेटा, हे सगळं घालून कुठं गेला व्हतास? लग्नाला?"

"जळकोटला, चाचा."

"आन् पानी कशाला वाहून नेलंस? वाटंला तीन विहिरी हायत. पानी तिथंच हाय ना."

"यादीत हाय छागळ."

"यादीला तहान लागती का?"

दादामियाँ आत गेले आणि एक मळकं फडकं घेऊन आले. त्यात त्यांची तीस वर्षांची यादी बांधलेली होती. एक कांदा, तो डोक्याच्या फडक्यात बांधायचा, म्हणजे ऊन लागत नाही. काटे काढायचा चिमटा, कारण माघात करडईची काढणी झाली की वाट पायाला ओळख देत नाही. गुळाचा खडा आणि मूठभर फुटाणे. शिंपीभर एरंडेल, बोटांच्या बेचक्यात लावायला. आणि वहाणा. या वहाणा भिस्त्याच्या फुटक्या पखालीच्या चामड्याच्या होत्या. वीस वर्षं पाणी पिऊन ते चामडं कानाच्या पाळीसारखं मऊ झालं होतं.

"नवं चामडं पायाला शिकवतंय," दादामियाँ म्हणाले. "हे शिकून आलंय. हे घे."

"आन् सरकारचं हे?"

"ते हितं राहील. वळणापत्तुर घालून यायचं, हितं टांगायचं, जायचं."

"जळकोटात बिनकोटाचा शिरलो तर?"

दादामियाँनी कोपऱ्यातली पेटी उघडली. आत लाल कोट होता, साफा होता, भाल्याचं पातं होतं, घुंगरू होते आणि सात नंबरची चपरास होती. सरकारी दप्तरात हा सगळा सरंजाम ओढ्याच्या पुरात वाहून गेल्याची नोंद होती, आणि त्याच्या बदल्यात सरकारनं सात नंबरचाच दुसरा सरंजाम पाठवला होता. वाहून गेलेला सरंजाम त्या दिवसापासून जळकोटच्या अलीकडं ईरण्णाच्या खोपीत टांगला गेला.

अकरा वर्षं हे असं चाललं. आमच्या गावातून लाल कोट घुंगरू वाजवत बाहेर पडे आणि जळकोटात लाल कोट घुंगरू वाजवत शिरे. मधल्या चार कोसांत कोंडीराम असे.

तेव्हा मुआयन्याच्या वेळी सहा नग नव्यासारखे होते, यात नवल नाही. प्रश्न सातव्याचा होता. बूट आमच्या टपालाला कधी आलेच नव्हते. मुन्शींनी ते मागवले, तर एक छापील कागद आला. वर सरकारचा शिक्का, खाली चार ओळी, आणि मधे कोरी जागा. हरकाऱ्यानं या जागेवर उजवा पाय ठेवून उभं राहावं, आणि पायाभोवती शिसपेन्सिलीनं रेघ ओढावी.

मुन्शींनी कागद जमिनीवर पसरला. कोंडीराम दोन पावलं मागं सरला.

"ठेव पाय."

"अक्षरावर?"

"कोऱ्या जागेवर ठेव."

"कागद तर त्योच की, मुन्शीजी. माझ्या बापानं कागदाला पाय लागला तर सात बाऱ्या कपाळाला लावला. आन् म्या त्याच्यावर हुभा राहू?"

मुन्शींनी कागदाकडं नीट पाहिलं आणि त्यांनाही घाम फुटला. "खरं आहे. वर सरकारचं नाव आहे. त्यावर पाय ठेवलास तर तुझं जे व्हायचं ते नंतर होईल, आधी माझी मान जाईल."

"मग काय करावं?"

"तू खाली फरशीवर उभा राहा. माप तूच घे, मी इथून कागदावर मांडतो." कागद परत टेबलावर गेला. मुन्शी खाली वाकणार नव्हते, कारण वाकले तर त्यांना वर आणणारा माणूस पायाचं माप देण्यात गुंतला होता.

कोंडीरामानं स्वतःच्या पायाला स्वतःची वीत लावली. "एक वीत, दोन बोटं."

मुन्शींनी कोऱ्या जागेवर हात ठेवला, एक वीत आणि दोन बोटं मोजली आणि त्या मापात एक सुबक पाऊल काढलं. इतकं सुबक, की लक्ष्मीपूजनाला दारात काढावं. फक्त वीत त्यांची होती. कोंडीरामाची वीत भाला धरणाऱ्याची आणि मुन्शींची बोरू धरणाऱ्याची, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही. कागद सहीशिक्क्यानिशी हैदराबादला गेला. नेऊन कुणी दिला, ते सांगायला नको.

मुआयन्याच्या चार दिवस आधी बूट आले. पाऊल आत शिरलं, टाच बाहेर राहिली. कोंडीरामानं बसून ओढलं, उभं राहून दाबलं, द्वारकाबाईनं मागून टाचेला रेटा दिला.

"अवो, ही तुमच्या मापाची न्हाईत."

"माझ्याच मापाची हायत. सरकारी माप हाय."

"मग पाय कुणाचा हाय?"

कोंडीराम बूट घेऊन गोरोबा चांभाराकडं गेला. गोरोबानं ते उलटेसुलटे करून पाहिले आणि तोंडाशी चिरून मोठे करायला रापी उचलली.

"चिरायचं न्हाय," कोंडीराम म्हणाला. "सरकारी माल हाय. साहेब बघणार हाय."

"मग हरभरे भर."

"काय?"

"दोन्ही बूट हरभऱ्यानं गच्च भर, वरून पानी वत, तोंड बांध. हरभरा फुगंल तसं चामडं ताणंल. माझ्या आज्यानं जमादाराचे बूट असेच वाढिवले व्हते."

द्वारकाबाईनं पायलीतला अर्धा हरभरा काढून दिला. देताना ती काही बोलली नाही, म्हणजे तिला फार राग आला होता. दोन दिवस दोन बूट चुलीशेजारी गरोदर बाईसारखे बसून होते. तिसऱ्या दिवशी तोंड सोडलं. बूट दोन बोटं कमी होते, ते एक बोट वाढले. एक बोट तसंच राहिलं. पण आतल्या हरभऱ्यानं तळालाही रेटा दिला होता, त्यामुळं उजव्या टाचेतला खिळा डोकं वर काढून बसला.

"ठोक की त्येला," कोंडीराम म्हणाला.

"ठोकला तर तळ सुटंल," गोरोबा म्हणाला. "साहेबापुढं किती येळ हुभं राहायचंय?"

"असंल घटकाभर."

"मग सोस घटकाभर."

"आन् ह्या हरभऱ्याचं काय करू?" द्वारकाबाईनं विचारलं. तिनं ते शेळीपुढं ठेवले. शेळीनं हुंगून तोंड फिरवलं.

मुआयन्याचा बेत दादामियाँनी आखला. साहेब त्या दिवशी जळकोटहून मोटारीनं येणार, दहाच्या सुमारास. कोंडीरामानं त्याआधी परतायचं, वळणावरच्या खोपटात सातही नग चढवायचे आणि घुंगरू वाजवत कचेरीत जाऊन उभं राहायचं. बूट घालून चालायचं अंतर दोनशे पावलं. दादामियाँनी ते स्वतः गुडघे धरून मोजलं होतं.

पहाटे सगळं बेताप्रमाणे झालं. जळकोटची थैली घेऊन कोंडीराम परत फिरला, ईरण्णाच्या खोपीत लाल कोट टांगला, थैली घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून पाठीला बांधली, कांदा डोक्याच्या फडक्यात खोचला, धोतराचा काचा मारला आणि निघाला. वारा पाठीवर होता. अकरा वर्षांत इतका चांगला पळालो नव्हतो, असं तो पुढं सांगायचा. माणसाच्या आशेला वजन नसतं म्हणतात, पण त्या दिवशी ती त्याला मागून ढकलत होती.

ओढ्याच्या उतारावर आल्यावर त्यानं पाहिलं, की ओढ्यात एक मोटर उभी आहे. पाणी गुडघ्याइतकंच होतं, पण मोटरीला ते नाकातोंडात गेलं होतं. ड्रायव्हर तिच्या तोंडात डोकं घालून उभा होता. एका खडकावर खाकी टोप घातलेला एक लठ्ठ गृहस्थ उभा होता आणि वर आकाशाकडं पाहत होता, जणू मदत हैदराबादेहून तिकडूनच यायची होती.

साहेब. लवकर निघाले होते.

"ए," साहेबांनी हाक मारली. "ठैर."

आता थांबावं, तर साहेबांसमोर उभा राहणार कोण? उघड्या अंगाचा, डोक्यात कांदा बांधलेला, सातांपैकी एकही नग अंगावर नसलेला हरकारा. न थांबावं, तर साहेबाचा हुकूम मोडला. पण थैली पाठीवर असताना हरकाऱ्यानं कुणासाठीही थांबू नये, हाही हुकूमच होता, आणि तोही साहेबांच्याच सहीचा. कोंडीरामानं मान खाली घातली, तीन दगडांवरून तीन उड्या टाकल्या आणि पलीकडची चढण असा चढला, की साहेबांची दुसरी हाक त्याच्यापर्यंत पोचलीच नाही.

"आज लई लौकर?" दादामियाँनी खोपटात विचारलं.

"साहेब वढ्यात हाय."

"बुडाला?"

"न्हाय. मोटर बुडाली."

"तुला बघितलं?"

"पाठ बघितली."

"पाठीला नंबर नसतो," दादामियाँ म्हणाले. "घाल कोट."

सहा नग चढवायला थोडा वेळ लागला आणि सातवा चढवायला फार. दोनशे पावलं चालायलाही बराच वेळ लागला. घुंगरू एरवी ज्या ठेक्यात वाजत त्या ठेक्यात ते त्या दिवशी वाजले नाहीत; कुणाची तरी लंगडी गाय गावात आली असं वाटून दोन माणसं बाहेर डोकावली.

दहाला थैली कचेरीत पोचली. मुन्शींनी वेळ लिहिली आणि म्हणाले, "आता असाच उभा राहा."

"साहेब येईपत्तुर बूट काढू का?"

"वेडा आहेस का? ते परत घालायला दुपार होईल. साहेब कधीही येतील."

साहेब एकच्या सुमारास आले. बैलगाडीतून आले, आणि तीही कडब्याची होती. विजार गुडघ्यापर्यंत ओली, मिशीत कडब्याची काडी. मुन्शींनी उठून मुजरा करायचा बेत केला होता, पण खांदा द्यायला कोंडीराम हलू शकत नव्हता, म्हणून त्यांनी बसूनच तीन वेळा केला. दादामियाँ दाराबाहेर पायरीवर टेकले होते.

साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते. चहा घेतला, मिशीतली काडी स्वतःच काढली आणि लगेच कामाला लागले. साहेब उर्दूत बोलत. मी ते आपल्या भाषेत देतो.

"कोट."

कोट पाहिला. अस्तर पाहिलं. "उत्तम."

"साफा. उत्तम. पट्टा. चपरास." चपराशीत त्यांनी स्वतःचं तोंड पाहिलं. "फारच उत्तम. भाला. गंज नाही. कंदील. काच मूळची आहे?"

"मूळची, हुजूर," मुन्शी म्हणाले.

"छागळ. शिवण शाबूत. बूट." ते वाकून बुटांकडं पाहत राहिले. "मुन्शी, मी बावीस वर्षं मुआयने करतो आहे. सातही नग इतके जपणारा हरकारा मी पाहिला नाही."

मुन्शींनी कोंडीरामाकडं पाहिलं. कोंडीरामाच्या डोळ्यांत पाणी होतं. मुन्शींना वाटलं, आनंदाचं. ते टाचेतलं होतं.

साहेबांनी शिफारशीचा कागद पुढं ओढला, टाक दौतीत बुडवला आणि थबकले.

"थैली किती वाजता आली?"

"दहाला, हुजूर. एक मिनिट इकडं नाही, तिकडं नाही."

"जळकोटहून वाट एकच ना?"

"एकच."

"मी नऊपासून ओढ्यात उभा होतो," साहेब म्हणाले. "हरकारा गेला नाही. लाल कोट दिसला नाही, घुंगरू ऐकू आले नाहीत."

टाकावरचा शाईचा थेंब परत दौतीत पडला.

"एक चोर मात्र गेला," साहेब म्हणाले आणि त्यांचा चेहरा एकदम निराळा झाला. "उघडा माणूस. पाठीला गाठोडं, डोक्यात कांदा. मी ठैर म्हणालो तर ऐकलं नाही. मुन्शी, मी हैदराबादेत घोड्यांच्या शर्यती पाहिल्यात, पण ती चढण तो ज्या तऱ्हेनं चढला, तसं मी जनावरसुद्धा पाहिलं नाही. पाय जमिनीला लागत होते की नाही, देव जाणे. मी मोटर विसरलो, पाणी विसरलो. असला माणूस चोऱ्या करतो आणि आपण टपाल कोणाच्या हाती देतो? कोण आहे तो? माहीत असेल तर सांगा. चोर असला तरी चालेल. मी त्याला आजच्या आज कायम करतो."

मुन्शींनी कोंडीरामाकडं पाहिलं. दारात दादामियाँ खोकले. तो खोकला हो म्हणणारा होता की नको म्हणणारा, हे त्यांनी नंतर कधी नीट सांगितलं नाही.

"साहेब," कोंडीराम म्हणाला, "त्यो मीच."

"तू?"

कोंडीरामानं साफ्यात हात घातला, आतल्या फडक्यातून कांदा काढला आणि टेबलावर ठेवला. साहेबांनी तो उचलला, हुंगला, आणि त्यांचा उजळलेला चेहरा हळूहळू विझत गेला. त्यांनी कांदा जागेवर ठेवला आणि पिशवीतून नियमांचं पुस्तक काढलं. पान त्यांना पाठ होतं, तरी त्यांनी ते शोधायला वेळ लावला.

"कलम नऊ," ते म्हणाले. "चपराशीशिवाय जो थैली वाहील, तो बडतर्फ."

"हुजूर," मुन्शी म्हणाले, "आपण आत्ताच म्हणालात, की कायम करतो."

"ते मी चोराबद्दल म्हणालो. चोरावर नियम लागू नाहीत. हा खात्याचा माणूस आहे."

"गलती माझी हाय साहेब," दादामियाँ पायरीवरून उठायची धडपड करत म्हणाले. "ह्येला म्याच—"

"आपण कोण?"

"आधीचा हरकारा. मला सरकारचा वजिफा—"

कोंडीरामानं त्यांच्याकडं पाहून मान हलवली. ईरण्णाच्या खोपीत पुरात वाहून गेलेला कोट टांगलेला होता, तो उघडकीला आला तर म्हाताऱ्याची पेन्शन जाणार होती, आणि एका दिवसात एकाच घराची चूल विझलेली बरी. दादामियाँ परत बसले.

साहेबांनी नवा कागद घेतला. लिहिताना त्यांना वाईट वाटत होतं, हे खरं. दोनदा त्यांनी टाक थांबवला. पण अक्षर बिघडू दिलं नाही. मजकूर असा होता, की येथील हरकारा कलम नऊअन्वये उद्यापासून बडतर्फ करण्यात येत आहे, आणि येथवर टपालाची मोटर तातडीनं सुरू करावी, कारण टपाल वेळेवर पोचवण्याच्या कामी मोटारीवरच भरवसा ठेवता येतो. खाली एक ओळ वाढवली, की माझी मोटर ओढ्यात बंद पडली असून मेस्तरी धाडावा.

लखोट्याला लाख लावून त्यांनी घड्याळ पाहिलं. "हा चारच्या परतीच्या टपालमोटारीला जळकोटला मिळालाच पाहिजे. नेणार कोण?"

प्रश्न अवघड होता. टपालाची मोटर अजून सुरू झाली नव्हती. साहेबांची ओढ्यात होती. कडब्याची गाडी अंधार पडेपर्यंत पोचली नसती. मुन्शींनी छताकडं पाहिलं, दादामियाँनी पायरीकडं. साहेबांनी कांद्याकडं पाहिलं.

"हुकूम उद्यापासून लागू आहे," ते शेवटी म्हणाले. "आज हा नोकरीत आहे."

मुन्शींनी लखोटा थैलीत घातला, थैलीचं तोंड बांधलं आणि बसल्या जागेवरून ती पुढं केली. कोंडीरामानं दोन्ही हातांनी घेतली. अकरा वर्षं घेत होता तशीच. वजन नेहमीपेक्षा जास्त नव्हतं.

साहेबांनी नियमांचं पुस्तक मिटलं. "अकरा वर्षं काम केलंस. तुला काही म्हणायचं असेल तर म्हण. मी ते लिहून घेईन. वरपर्यंत कळवीन."

मुन्शींनी टाक उचलला आणि कोरा कागद पुढं ओढला. बाहेर द्वारकाबाई येऊन थांबली होती, शेजारी शेळी होती. गाव तिच्यामागं गोळा झालं होतं आणि सगळं ऐकत होतं.

"व्हय साहेब," कोंडीराम म्हणाला. "येवढे बूट काढू का?"